दादाच्या गोळ्या आणि भरवशाचं दुकान

४ मार्च, सकाळ
माजी सैनिकांच्या दवाखान्यात दादाची रक्त पातळ ठेवायची गोळी संपली. स्टॉक कधी येईल, खिडकीतल्या बाईंना ठाऊक नाही. दादाच्या हृदयाचे ठोके बेताल. गोळी चुकली आणि गुठळी झाली तर सरळ डोक्यात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. वहिनी रडवेली. मी म्हटलं, वहिनी, बाहेरचं भरवशाचं दुकान शोधणं माझ्यावर सोडा. मोटार नुसती ऐकून बेअरिंग गेलंय की वायंडिंग, हे सांगणारा माणूस मी. पंपदुरुस्तीच्या धंद्यावर घराचे दोन मजले चढवले. औषधवाला ओळखायला कितीसा वेळ?
दादा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालाय. एकूणच कमी बोलतो.

संध्याकाळ
दुकान पहिलं. काउंटरवर चष्मेवाल्या बाई. प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचलं. मग चौकशी. आणखी काय चालू आहे, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, बघितल्याशिवाय देणार नाही. मी म्हटलं, पेशंट फौजी आहे हो, चोर नाही. तर म्हणतात, फौजी आहेत म्हणूनच विचारतेय, त्यांना दोन-दोन ठिकाणांहून औषधं येतात.
गिऱ्हाइकाला उभं करून उलटतपासणी! बाद.

५ मार्च
दुकान दुसरं. मालक हसतमुख. या शेठ, बसा शेठ. पंखा माझ्याकडे वळवला. कागदाकडे न बघता गोळी काढली. वेगळ्या कंपनीची, पण काम तेच, म्हणाला. आत बायकोला हळूच सांगत होता, याला काही विचारू नकोस, नुसतं शेठ म्हण. ऐकलं मी. गिऱ्हाइकाची किंमत कळलेला माणूस!
निवड पूर्ण. दादाच्या माजी सैनिक संघटनेतही हेच दुकान सुचवावं. छोटंसं भाषण तयार ठेवावं.

९ मार्च
दवाखान्यात स्टॉक आला. वहिनी घेऊन आली. दवाखान्याची गोळी पांढरी, हसतमुखची गुलाबी. दादानं विचारलं, दोन्ही घ्यायच्या का रे? वहिनी म्हणाली, कुणालातरी विचारू या. मी आहे ना, म्हटलं. दोन्ही घे, गुठळीची दोन्हीकडून नाकेबंदी!
दादा बरं म्हणाला. फौजेत जे इश्यू होईल ते घ्यायचं, शंका काढायची नाही. ही शिस्त आमच्या धंद्यात असती तर तिसरा मजला चढला असता.

१३ मार्च
दादानं चूळ भरली की बेसिनमध्ये लाली. ब्रश कडक असणार. मऊ ब्रश आणून दिला. वहिनीला उगाच घोर.

१५ मार्च
दादाच्या दंडावर जांभळा डाग. तळहाताएवढा. कुठे आपटल्याचं आठवत नाही म्हणतो. आपटला असणार. आमची ही म्हणाली, त्या चष्मेवाल्या बाईंना विचारून या, त्यात काय कमीपणा आहे? आहे. हसतमुखला विचारलं. वय झालं शेठ, डाग पडायचेच, म्हणाला. मलम दिलं. मी स्वतः चोळून लावलं. दादानं दात आवळून दंड तसाच पुढे धरला.
ठराव : रविवारी संघटनेत बोलायचंच. विषय : भरवशाचा माणूस कसा ओळखावा.

१७ मार्च, रविवार, सकाळ
भाषण पाठ.

दुपार
दादाच्या नाकातून रक्त. थांबेचना. एक टॉवेल भिजला, दुसरा घेतला. तो खुर्चीत ताठ बसून मलाच म्हणतो, घाबरू नकोस. टॅक्सीत वहिनीनं त्याचं कपाळ धरलं होतं. मी ड्रायव्हरला चल चल करत होतो. तो म्हणाला, काका, समोर सिग्नल आहे, उडून जाऊ का?
हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी वहिनीची औषधांची पिशवी पलंगावर उलटी केली. पांढरी आणि गुलाबी शेजारी शेजारी ठेवली. औषध एकच, कंपन्या दोन. म्हणजे रोज दुप्पट डोस. दोन्ही घ्यायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.
मी तोंड उघडणार होतो. उघडणारच होतो.
दादा म्हणाला, माझाच घोटाळा झाला, डॉक्टर.
माझ्याकडे बघितलंही नाही. दादाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

१९ मार्च
रक्त थांबलंय. धोका टळला. भाषण तूर्त पुढे ढकललं.
हसतमुखला फैलावर घ्यायला गेलो. बसा शेठ, म्हणाला. बसलो. येताना खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो. खोकला कुणालाच नाही.

२४ मार्च
दादा काल घरी आला. मी चष्मेवाल्या बाईंचं दुकान मंजूर केलं. तसं बघितलं तर पहिल्याच दिवशी मी तिथेच गेलो होतो. म्हणजे शोध माझाच. हे बाईंना सांगून टाकावं आणि दादाच्या गोळ्याही आणाव्यात, म्हणून सकाळीच गेलो.
बाई म्हणाल्या, तुमच्या वहिनी काल सगळ्या पट्ट्या दाखवून गेल्यात. मी म्हटलं, उत्तम, मग गोळ्या द्या, मी नेतो. पेशंटला विचारते, म्हणाल्या आणि फोन लावला. तुमचे भाऊ आलेत, त्यांच्याकडे देऊ का?
 पलीकडून दादाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. नको ताई, बायको येईल. त्याला म्हणावं, ऊन चढायच्या आत घरी जा.
बाईंनी फोन ठेवला आणि निरोप सांगितला. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून ऐकला.