झाडावरचे साहेब आणि विलायतेचा रविवार

विलायत, मे १९५५
रविवार, दिवेलागण

तीर्थस्वरूप सौ. रुखमाबाई यांस,

धाकट्या जावेचा, म्हणजे शकूचा, सात समुद्रांपलीकडून वाकून नमस्कार. आम्ही तिघंही हातीपायी धड आहोत. तुमचं, भाऊजींचं आणि बापूजींचं कसं काय ते कळवावं. बापूजींचे गुडघे दुखत असतील तर मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळावं (इथं गुडघे दुखले की लोक कुत्रा घेऊन फिरायला जातात. गुण कोणाला येतो कोण जाणे, कुत्र्याला येत असावा).

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी आम्ही विलायतेत काय करतो. आपल्या आरमोरीत बहुतेकांना वाटत असेल की आम्ही मेमसाहेबांच्या हातात हात घालून नाचतो. तर ऐका. इथं शनिवारी दुपारीच सुट्टी लागते आणि माणसं ती नोकरीपेक्षा जास्त कष्टानं काढतात. कोणी गवत कापतो, कोणी कुंपण रंगवतो. आमच्या घरमालकीणबाई पामर यांचा नवरा कमरेला फडकं बांधून भांडी धुतो. तुमचे धाकटे दीर घरी असताना पाण्याचा गडवासुद्धा स्वतः उचलत नसत हे तुम्हाला ठाऊकच आहे. सरकारनं त्यांना वर्षभरासाठी जंगलखात्याचं शिक्षण घ्यायला इथं पाठवलं आणि पहिल्याच शनिवारी तेही फडकं बांधून उभे! (बापूजींना सांगू नका.) फक्त ते भांडी धुतात ती पामरबाईंची, कारण तिथं पाहणारं कोणी असतं. आमची खरकटी माझी वाट पाहत बसतात.

रविवारी तर सगळं गाव मेल्यासारखं बंद. कपडे वाळत घालणंही पाप. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपलं नऊवारी धुतलं आणि दोरीवर पसरलं, तर वाऱ्यानं ते पामरबाईंची बाग ओलांडून शेजारच्या म्हाताऱ्याच्या कोबीवर जाऊन बसलं. बाई रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, फारच मनोरंजक. मी खूश झाले. मग ह्यांनी घरात येऊन समजावलं की हे लोक 'मनोरंजक' म्हणाले की समजावं, आता घर बदलायची वेळ आली.

पण आजच्या रविवारापुढे हे काहीच नाही. इथं आगाशे म्हणून पुण्याचं जोडपं राहतं. डॉक्टर आगाशे दातांचं शिकायला आलेत आणि त्यांच्या बाई माझी मराठी सुधारायला. मी 'मले' म्हटलं की त्या लगेच 'मला' म्हणतात, इतक्या आवाजात की रस्त्यावरचे गोरेही शिकून जावेत. त्यांच्यापुढे हे अगदी पुणेरी बोलतात. 'मी आलापल्लीच्या अरण्यात वाघाचा माग काढत असे,' असं. (माग वाटाड्या चैतू काढायचा. हे मागून बैलगाडीत असायचे.) तेव्हा आगाशांनाच हौस आली की अशा माणसाबरोबर एकदा रानात जावं.

गेलो. रान कसलं, आपल्या भाऊजींची आमराई दाट म्हणावी. मधून चांगली पायवाट होती, पण पायवाटेनं जाईल तो जंगलखात्याचा माणूस कसला! ह्यांनी सगळ्यांना झुडपांत घातलं, प्रत्येक झाडाला थोपटून त्याचं लॅटिन नाव सांगितलं, आणि थोड्याच वेळात आम्ही कुठं आहोत हे त्या लॅटिनलाही कळेना. आगाशेबाईंचे बूट चिखलात, आमची चंदा भुकेनं कुरकुर करतेय, आणि एवढ्यात झुडपात काहीतरी खसफसलं. ह्यांनी हात वर केला. सगळे थिजले. पुन्हा खसफस, आणि वर घुरघूर. मग पुणेरी मराठी कुठल्या कुठं गेली.

"डुक्कर होय! रानडुक्कर! चढा झाडावर, चढा लौकर!"

सर्वांत आधी कोण चढलं हे मी लिहीत नाही, तुमचे दीर आहेत. त्यांच्यामागून डॉक्टर. आगाशेबाईंना मी खालून ढकललं. त्या झाडाला आमच्या मायलेकींसाठी फांदी उरली नव्हती, म्हणून आम्ही खालीच उभ्या राहिलो. म्हणून डुक्कर सर्वांत आधी आम्हालाच दिसलं. ते पांढरं होतं, गळ्यात पट्टा होता आणि चंदाचा हात चाटू लागलं. मागून त्याची मालकीण आली, एक म्हातारी बाई, हातात निळ्या फुलांची परडी. तिनं वर पाहिलं. झाडावर सुटातले दोन काळे साहेब आणि रेशमी पातळातली एक बाई. आपल्याकडे एव्हाना अर्धं गाव गोळा झालं असतं, कोणी शिडी आणली असती, कोणी मांत्रिक. म्हातारीनं मान तुकवली, म्हणाली आज हवा किती छान आहे, आणि कुत्र्याला घेऊन चालू लागली. ह्यांनीही फांदीवरून टोपी उचलून 'येस, व्हेरी फाइन' म्हटलं. याला हे लोक सभ्यपणा म्हणतात. तिच्या मागं मागं गेलो तर कुंपणापलीकडेच बसचा थांबा.

इथवर हसायचं होतं. उतरताना आगाशेबाईंचं पातळ फाटलं होतं. थांब्यावर त्या ह्यांच्यावर भडकल्याच. "आणखी दोन वर्षं इथं राहायचा अर्ज केलाय ना तुम्ही? मग निदान कुत्रा तरी ओळखायला शिका!"

बाई, दोन वर्षं! हे मला पुण्याच्या बाईच्या तोंडून कळावं! बसमध्ये बसल्याबरोबर मी विचारलं, "काऊन जी, दोन वर्सं?"

"तुले सांगनारच होतो."

"कवा? दोन वर्सं झाल्यावर?"

ते खिडकीतून बाहेर पाहू लागले. बाहेर काही नव्हतं. घरी येऊन मी वरण-भात टाकला, तर चंदानं तोंड वाकडं केलं आणि इंग्रजीत म्हणाली, हातानं जेवणं घाण असतं. आपली चंदा, तुमच्या ताटात जेवायला बसून कोपरापर्यंत भात माखणारी! ह्यांना केवढं कौतुक वाटलं. मी न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धुतलं.

असो. आमची काळजी करू नका, आम्ही मजेत आहोत. भाऊजींना व बापूजींना दंडवत.

तुमची,
शकू

ता. क. — मजेत कसले! बाई, आता माझं एवढं काम करा. ह्यांना एक तार पाठवा. बापूजी आजारी आहेत असं लिहू नका, हे तारेनंच डॉक्टरचं नाव सुचवतील. फक्त एवढंच लिहा की शेताची वाटणी होऊन राह्यली आहे. मिळेल त्या पहिल्या बोटीनं येतील. भाऊजींना आधी कानात सांगून ठेवा, नाहीतर ते खरंच सुरू करतील.

आणखी ता. क. — सौ. वहिनींस गुणवंतचा नमस्कार. टपालात टाकायला दिलेलं हे पत्र मी वाचलं. कुत्रा अंगानं चांगला मोठा होता, हे हिनं लिहिलेलं नाही. वाटणीची थाप ही बायकी युक्ती आहे हे मला पूर्ण समजलं आहे, तेव्हा तार पाठवायचे कष्ट घेऊ नयेत. तरीपण भाऊंनी खरोखर तसं काही काढलं नाही ना, हे उलट टपाली कळवावं. बोडीच्या पाण्यावरची धानाची बांधी लहानपणापासून माझ्याच वाट्याची म्हणून ठरलेली आहे, हे बापूजींच्या समक्ष त्यांना आठवण करून द्यावं. मी सहजच चौकशी केली. बोट येत्या गुरुवारी आहे.