तीन महिन्यांची रजा

यवतमाळ
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आरजूदीदी,

सलाम. नेरच्या दवाखान्यात तुझी ओपीडी जोरात चालते, असं आईकडून समजलं. तुझी लेक गुलनार आता घरभर पळत असेल. आपल्या वॉर्डात सारं तसंच आहे, दोन खाटांवर तीन बाळंतिणी, अन् कॅन्टीनचा चहा अजूनही पाणचट.

एक खबर देते. मले सहावा महिना लागला. धम्मरत्न बाप होणार म्हणून लई खुश आहे, बोरी अरबच्या शाळेतून रोज फोन करून विचारतो, जेवली का. जानेवारीपासून सहा महिने रजा घ्यायची आहे. पीजीची परीक्षा तेवढीच मागं जाईन, जाऊ दे. आपण दिवसभर बायांले आराम सांगतो, अन् स्वतःवर आलं की डोळ्यापुढं ड्युटीचा चार्टच येते.

अर्ज कसा लिहावा म्हणून ऑफिसात जुनी फाइल मागितली, तर तुझाच अर्ज निघाला. मागं आमचा कागद टाचलेला: हिच्या रजेनं आमच्या ड्युट्या वाढतात, रजा कमी करावी. खाली पाच सह्या. तुले वाटत असेल, सगळ्यांनी मिळून लिहिला. नाही दीदी. मजकूर माझा होता. मागं लागून लागून सह्याही मीच घेतल्या.

तुझी सहा महिन्यांची रजा तीनवर आली, अन् तू तीन महिन्यांतच परत आली. राउंडले तुझा ॲप्रन दुधानं ओला झाला, तवा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दीदी, बदलून ये न, पेशंट पाहून राह्यले." अन् हसली. आता आठवलं की माझीच मले लाज वाटते.

परवा पायल, माझी ज्युनिअर, नवा चार्ट घेऊन आली. माझ्या साऱ्या इमर्जन्सी ड्युट्या तिनं अन् बाकीच्या पोरींनी आपसात वाटून घेतलेल्या. मी म्हटलं, "काहून व?" तर म्हणे, "मॅडम, आज तुमचं आहे, उद्या आमचं." मी बाथरूममध्ये जाऊन रडली. एवढी साधी गोष्ट मले तवा काहून सुचली नाही?

काल विभागाच्या मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, तो कागद मी लिहिला होता अन् ते चुकीचं होतं. तसं लिहूनही दिलं. सर म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" खरंच आहे. गुलनारजवळचे तुझे तीन महिने मी कुठून आणून देऊ?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नेरले. आई मागं शेजारच्या तुळसाबाईच्या सुनेले घेऊन तुझ्याकडं आलती. तवापासून तिनं एकच धरलं आहे, "आरजू डाक्टरीनकडंच करू." काल तिलेही सारं सांगितलं. मग म्हणे, "आधी तिले विचार. मोठ्या मनाची आहे म्हणून गृहीत नको धरू."

म्हणून विचारून राह्यली. बुधवारी येते. बाकीच्या बायांसोबत बाहेर बाकावर बसीन. बोलावलं तर आत येईन. नाही बोलावलं तर उठून घरी जाईन, अन् मनात काही ठेवणार नाही.

तू म्हणशील तर तुझी पेशंट,
दीपा