डोके ठिकाणावर असल्याचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, तसबिरींना चौकटी बसवणारा, वय एकोणपन्नास, हे माझ्या दुकानामागच्या खोलीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते सिद्धही करावे लागणार आहे.

कारण मी शांतघरात प्रार्थनेला जातो. हा नवा पंथ लोकांची घरे लुबाडतो, असे बातम्यांत रोज चालले आहे. त्यात मी हुंदके देतानाचे चित्रण दाखवतात आणि खाली लिहितात, 'मनावरचा ताबा सुटलेला भक्त'. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच रडत होतो, हे बातमीत नाही. धाकटा भाऊ दुकानात येऊन म्हणाला, "दादा, तू काहीही लिही. तुझं डोकं फिरलंय हे सगळ्या जगानं पाहिलंय. कोर्टात तेवढंच दाखवीन." लग्नाआधी केलेले माझे जुने मृत्युपत्र त्याच्या नावे आहे. हे रद्द ठरले तर ते उभे राहील आणि माझी बायको रस्त्यावर येईल.

१. ते जुने मृत्युपत्र मी रद्द करत आहे.

२. घर, दुकान, हत्यारे आणि बँकेतील शिल्लक बायकोला. ती शांतघराची पायरी चढत नाही. "घरात शांत बसायला काय होतं तुम्हाला?" असे विचारते.

३. शांतघराला एक खिळाही देऊ नये. द्यावेसे फार वाटत होते, पण दिले तर भावाच्या हाती आयता पुरावा जाईल. शांतघर चालवणाऱ्या ताईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "दिलं असतंस तरी नसतं घेतलं." हे ऐकून बायको म्हणाली, "तेव्हा कॅमेरा चालू होता का?" आरोप खरे की खोटे मला माहीत नाही. चौकशी जरूर व्हावी. तिथे माझी प्रार्थना होते, एवढेच मी शपथेवर सांगू शकतो.

४. धाकट्यास आईची तसबीर. दुसरे काही नाही. हे विसरून नव्हे, विचार करून लिहिले आहे. काचेला ओले फडके लावू नये.

५. माझे बरेवाईट झाल्यास दारात येणाऱ्या बातमीदारांना हुसकू नये. पाणी द्यावे, मुलाखत देऊ नये.

जिला मिळायचे तिची साक्ष चालत नाही, म्हणून बायको दाराबाहेर उभी आहे. "अहो, सही करताय की कोरताय?" असे आत्ताच ओरडली. शांतघराचा माणूसही साक्षीला नको. म्हणून शांतघराला थोतांड म्हणणारे आमचे डॉक्टर, आणि माझे ते चित्रण करणारा कॅमेरामन, यांना बोलावले.

"काका, माझी नोकरी जाईल," कॅमेरामन म्हणाला.

"मग सही करू नकोस. चहा घे."

चहा निवून गेला. मग त्याने पेन मागितले.

स्थळ: दुकानामागची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार.

सही: तसबिरीवाला

साक्षीदार पहिला, डॉक्टर: तपासले. डोके ठिकाणावर आहे. पंथाबद्दलचे माझे मत कायम.

साक्षीदार दुसरा, कॅमेरामन: त्या दिवशी रडण्याआधी हे आईबद्दल बोलले होते. ते आम्ही कापले. पूर्ण चित्रण माझ्याकडे आहे. कोर्टात मी स्वतः घेऊन येईन.