तिसरी बशी

३ जून १९७८
या दोन हातांनी आजवर केलेलं: शिसवी तराजू (गुंजेचा फरक दाखवतो). पत्र्याचं फनेल, डाग मीच दिला, गळत नाही. बाटल्यांचं स्टँड. आणि आता पोटातल्या जंतांवर औषध: पळसाचं बी, वावडिंग, डाळिंबाच्या मुळाची साल, आठ दिवस स्पिरिटमध्ये. शिक्षण एसएसएलसी. गुरू कोणी नाही. म्हणूनच विचार स्वच्छ.

५ जून
प्रयोगाला जंतांऐवजी गांडुळं चालतात, असं पुस्तकात आहे. हिनकल गावाच्या पुढे शेणखतातून उकरून आणली. दोन बशा मागितल्या. वेदवती म्हणाली, अय्यो, घ्या हो, पण परत स्वयंपाकघरात आणू नका. नवऱ्याची किंमत घरात शेवटी कळते.

७ जून, दुपारी ४.१०
एका बशीत पाणी, दुसरीत औषध. औषधातलं गांडूळ तीन मिनिटांत गार. पाण्यातलं मजेत. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. पुस्तक म्हणतं, स्पिरिट उडवून मग वापरा. मी उडवत नाही. उडवलं की औषध मंदावतं. पुस्तक लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलेलं दिसत नाही.

८ जून
स्वतः अर्धी वाटी घेतलं. दुष्परिणाम शून्य. उलट हुशारी वाटली. अंगणात दोन पदं म्हटली. ही आधी कानडीत ओरडली, साकु साकु! मग म्हणाली, पुरे, शेजारचे वेंकोबा बघतायत.

१० जून
मेव्हणा जयतीर्थ कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो. त्याच्या प्रोफेसरांचा याच विषयावर पेपर निघतोय. त्यात नाव यायलाच हवं, अगदी खाली का होईना. कचेरीत बावीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं टाइप केली.

११ जून, रविवार
जयतीर्थ जेवायला आला. चित्रान्न तीनदा घेतलं. मग विचारतो, भाऊजी, तिसरी बशी कुठेय, नुसत्या स्पिरिटची? म्हटलं, मी औषध तपासतोय, स्पिरिट नाही. त्याने केलीच. गांडूळ दोन मिनिटांत गेलं. म्हणजे माझ्या वनस्पतींनी त्याला एक मिनिट जास्त जगवलं! हाही शोधच, पण डिग्रीवाल्यांना सुचत नाही. वेदवती पदराआड हसत होती. जयतीर्थने जाताना बरणीभर गांडुळं नेली, प्रोफेसरांना दाखवायला. शेवटी पटलं तर.

१२ जून
स्पिरिट उडवून पाहिलं. गांडूळ संध्याकाळपर्यंत औषधात बसलं, मग काठ ओलांडून निघून गेलं. सदोष गांडूळ.

१८ जून
जयतीर्थ आला. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. औषधाबद्दल अक्षर नाही. प्रोफेसरांना गांडुळं आवडली म्हणे. ठसठशीत, आठवड्यात एकही दगावलं नाही; भाऊजी, अशी कुणाला ठेवता येत नाहीत. पोरांना चिरायला महिन्याला दोनशे गांडुळं द्याल का? विचारलं, नाव कुठे येईल? म्हणाला, बिलावर.
नाही म्हटलं. महिना साठ रुपये देत होते.