भावजींच्या शर्टाची बटणं

तोआ पायो, सिंगापूर

लाडके गेक लान,

तुझ्या ताईचे भरभरून आशीर्वाद. मी बोलतेय, नात शुएन लिहितेय. अक्षर आवडलं तरी कौतुक माझंच कर, बोल माझे आहेत.

तुझे भावजी ठीक आहेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात रुसलाय, जीभ मात्र ठणठणीत. म्हातारपणी परस्वाधीन झालं तर दरमहा पैसे देणारा त्यांचा विमा आठवतो ना? हे म्हणायचे, "बंद कर, मी कशाला अंथरूण धरतोय?" मीच हट्टाने चालू ठेवला.

गेल्या आठवड्यात विम्याकडून तपासणीच्या बाई आल्या. घरी माणूस येणार म्हणून मी आधीच ह्यांना आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट चढवला, भांग पाडला. बाईंनी विचारलं, "आजोबा, कपडे स्वतः घालता?" हे ऐटीत म्हणाले, "मग काय, शेजारी येतात घालायला?" झालं, पैसे नामंजूर.

शुएनने फेरतपासणी मागितली. बाई उद्या येणार. मी बजावलंय, "फुशारकी मारलीत तर कॉफी बंद." हे पुटपुटले, "परक्या बाईसमोर माझी लाज काढ." तेव्हापासून मला काही सुचत नाही, भातात मीठ दोनदा घातलं.

तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या मुआरला पाऊस आहे का?

उद्या ह्यांना बटणं लावून दाखवायला सांगतील. हे चाचपडतील आणि मी नुसतं बघायचं. माझे हात माझं ऐकणार नाहीत, म्हणून शुएनला सांगितलंय, ते घट्ट धरून बस.

तुझीच,
सिउ गेकताई
(अंगठा माझा, शाईचे डाग शुएनचे)