उजेड कसला ते कुणी मोजायचं

३ जून, मंगळवार
कारखान्यात तपासणीच्या बोगद्यातल्या जुन्या ट्यूब काढून नवे एलईडी बसवले. आधीच तिथे दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर दिवे, मधून रंगवलेली गाडी सरकते, आणि आम्ही ओरखडे शोधत, शेड जुळवत आठ तास उभ्या. त्यात आता हा निळसर पांढरा उजेड. सुपरवायझर सेंथिल सर खूश, म्हणे आता एक डाग सुटणार नाही. खरंय, डाग दिसतात. अकरापासून डोकं ठणकतंय, डाव्या डोळ्याच्या मागे. होईल सवय.

५ जून
सवय कसली. आज उलटी. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. परत आले तर से. सर घड्याळाकडे बघत, "सुजाता, लेडीज प्रॉब्लेम?" अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, लाइट प्रॉब्लेम. हसले.
कंपनीच्या बसमध्ये मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसले. तांबरम येईपर्यंत डोकं उतरलं होतं. चेन्नईचं जूनमधलं ऊन मला चालतं आणि हे दिवे चालत नाहीत. काहीतरी त्या रंगाचंच आहे.

९ जून, सोमवार
तक्रार लिहून दिली होती. सेफ्टीवाला मीटर घेऊन आला, माझ्या डोक्याजवळ धरला, "नॉर्मल" म्हणाला आणि गेला. दोन मिनिटं. उजेड किती ते मोजलं. कसला, हे विचारायचं कुणाच्या बापाला सुचलं नाही. मी विचारलं तर म्हणे मीटरवर तेवढंच येतं.
सेल्वी लाइनवर माझ्या शेजारीच असते. म्हटलं, तू सांग की तुला काही होतंय का. "नाही अक्का, एकदम फाइन." बरं बाई.

१४ जून, शनिवार
तांबरमचे डोळ्यांचे डॉक्टर. नजर उत्तम. मायग्रेन म्हणाले. काहींना निळसर उजेड जास्त बोचतो, सगळ्यांना नाही, कुणाला आणि का ते पक्कं सांगता येत नाही. गुलाबी झाक असलेला चष्मा लिहून दिला. वापरून बघा, फरक पडला तर पडला. निदान एक माणूस सरळ बोललं.

१८ जून
तीन दिवस चष्मा. डोकं दुखलं नाही. आज कितीतरी दिवसांनी डबा पूर्ण खाल्ला.
लाइनवर घालू का, असं से. सरांना आधी विचारलं होतं. "घाला, घाला, काम थांबायला नको." त्यांचे शब्द मुद्दाम लिहून ठेवते.

१९ जून, गुरुवार
तोंडावर आपटले. काल मी पास केलेल्या दोन पांढऱ्या गाड्या यार्डातून परत आल्या. बंपर निळसर, बाजूचा पत्रा पिवळसर, उन्हात कुणालाही दिसेल असा फरक. चष्म्यातून मला दोन्ही सारखेच दिसले होते. चूक माझी, शंभर टक्के. जी काच निळं कमी करते ती शेडमधलंही कमी करणारच, एवढं कळू नये? आई तीस वर्षं कराडच्या मॅचिंग सेंटरमध्ये होती. ब्लाउजपीस दाराबाहेर नेऊन उन्हात धरल्याशिवाय कापायची नाही. तिची मुलगी मी. लाज वाटली.
पण से. सर, सगळ्यांसमोर, "हा चष्मा घालायला कुणी सांगितलं?" म्हटलं, तुम्हीच. काखा वर केल्या. चष्मा बंद. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांपुढे रंग ओळखायची चाचणी. नापास झाले तर लाइनवरून काढून स्टोअरमध्ये.

२३ जून, सोमवार
आईचा फोन. सगळं सांगितलं. "अगं मग चुकव की दोन-चार. स्टोअरमध्ये चष्मा लावून बसशील, डोकं तरी शांत राहील. रंग काय, कुणीही बघेल."
ही बोलते हे. मला शाळेत घालायच्या आधी मोतिया आणि क्रीम यांतला फरक हिनेच घोकून घेतला. रागाने फोन ठेवला.
मग तासभर विचार करत बसले. बरोबर बोलते. पगार तोच, बोगदा नाही. चुकवायचं. ठरलं.

२७ जून, शुक्रवार
चाचणी. तीही त्याच दिव्यांखाली, चष्म्याशिवाय. रंगीत चकत्या क्रमाने लावायच्या. डोकं फुटत होतं. दोन चकत्यांची अदलाबदल, एवढंच करायचं होतं. हिरवटातल्या दोन उचलल्या, उलट ठेवल्या. बघवेना. परत जागेवर लावल्या.
एकही चूक नाही. डॉक्टर म्हणाले, असा निकाल क्वचितच येतो. बाहेर येऊन ओकले.
से. सरांनी कागद नाचवला. "आइज फर्स्ट क्लास. कम्प्लेंट क्लोज्ड." दिसतंय म्हणजे दुखत नाही, ही कुठली अक्कल? मी नापास झाले असते तर डोळे खराब, पास झाले तर मी खोटारडी. दिव्यांना काही दोष लागायचाच नाही म्हणजे. आणि मी मूर्ख, दोन चकत्या उलट्या ठेवता आल्या नाहीत मला. सोमवारपासून परत तिथेच, नुसत्या डोळ्यांनी.

२९ जून, रविवार
सेल्वी खोलीवर आली. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून पलंगावर ठेवली. अर्धी रिकामी.
"मलापण, अक्का. पहिल्या दिवसापासून." अजून तिघींना होतंय म्हणे.
मग तेव्हा का बोलली नाहीस?
"तुमची नजर आहे, तुम्हाला ठेवतील. मला काढतील."
भडकलेच होते. उठून चहा टाकला.
घरमालकीण कमलाबाई तंजावरकडच्या मराठी, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडून नवा अर्ज तमिळमध्ये लिहून घेतला. सगळ्या वाचून सही करतील. मागणी आईच्या दुकानातलीच: ओरखडे बोगद्यात बघतो, शेड शटरपाशी बाहेरच्या उजेडात बघू द्या, आणि आतले दिवे बदला. कमलाबाईंनी शेवटी "नम्र विनंती" लिहिलं होतं. मी नम्र खोडायला लावलं.
माझी सही झाली. सेल्वीने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "उद्या बसमध्ये करते, अक्का."
ती गेल्यावर पाहिलं तर गोळ्यांची पट्टी पलंगावरच राहिली. अर्जाबरोबर पिशवीत ठेवलीय. सकाळी बसमध्ये तिच्या हातात आधी काय द्यायचं, ते ठरत नाहीये.