उजेडात बसलेले बाबा

अमरावती,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

आई,

जयभीम. थंडी पडली की तुझा गुडघा धरतो, म्हणून आधी तेच विचारते. मावशी म्हणाली, तू सकाळचं फिरणं बंद केलंस. हळू चाल, पण बंद करू नकोस. माझी तब्येत बरी आहे. परवा मतदान असल्यामुळे शाळेतली बाकं व्हरांड्यात आली आहेत आणि चित्रकलेच्या खोलीत मतदान केंद्र होणार आहे. माझीही ड्यूटी लागली होती, ती मी रद्द करून घेतली. का, ते पुढे लिहिते.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू कुकर लावायचा आहे म्हणतेस आणि फोन ठेवतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण नंतर पुन्हा हातात घेता येतं. आमच्या शाळेतली रागिणी उद्याच्या बसने अकोल्याला येते आहे. तिच्याच हाती हे देते.

शकुन आत्याने तुला जे सांगितलं ते खरं आहे. मी बाबांचं चित्र काढते आहे आणि त्यात त्यांच्या अंगावर कपडे नाहीत. आत्या न सांगता घरात आली, कॅनव्हास पाहिला आणि पाणी न पिता निघून गेली. तेव्हापासून ती दर्यापूरच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करते आहे. मी बापाला म्हातारपणी उघडं केलं, असं तिचं म्हणणं. तिने बाबांनाही विचारलं. ते म्हणाले, "कपडे मी काढले. तिनं नाही काढले."

हे सुरू कसं झालं ते सांगते. उन्हाळ्यात विहारात देहदानावर कार्यक्रम झाला. बाबा मागच्या रांगेत बसले होते. पुढच्या आठवड्यात नाव नोंदवून आले. अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात. अमरावतीत सोय असताना अकोला कशाला, असं मी विचारलं. तिकडचं कॉलेज जुनं आहे, असं उत्तर मिळालं. मी पुढे विचारलं नाही.

मग एकदा डायलिसिसवरून येताना रिक्षात त्यांनी विचारलं, तिथे शिकायला मुलं असतात की मुलीही असतात. दोन्ही, मी म्हणाले. आणि अंगावर कपडे? नसतात. त्यानंतर ते दोन दिवस गप्प होते. बाबांचं गप्प असणं मी तुला काय सांगू. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू नागपूरले शिकत होती तवा उघडे मानसं काढत होती ना? मंग मले काढ."

मी विचारलं, काहून?

"सवय झाली पायजे."

मेल्यावर कसली लाज, असं मी म्हणाले. माणूस राहिलेलाच नसतो.

"मेल्यावरची नाही म्हनत मी. आता हाये ना लाज. ते संगं घेऊन जाचं नाही मले."

आई, हा माणूस घरात बनियन काढत नसे, तुला माहीत आहे. आंघोळीला लुंगी नेसून जायचे आणि लुंगी नेसूनच यायचे. मी तर त्यांची पाठही कधी पाहिली नव्हती. दर्यापूरला लाइनमन असताना खांबावर शॉक लागून खांदा भाजला, तेव्हा तू दवाखान्यात महिनाभर उशाशी होतीस, पण पट्टी बदलायची वेळ आली की तुला ते बाहेर पाठवायचे. मी तेव्हा सातवीत होते. तू व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी असायचीस. मला वाटायचं, तुला जखम बघवत नाही.

मागच्या खोलीत दुपारी चांगला उजेड येतो. तिथे स्टूल ठेवलं. पहिल्या दिवशी ते टॉवेल गुंडाळून बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेल काढला, नीट घडी केली आणि खिडकीत ठेवला. मी रेघ मारायला सुरुवात केली.

मी पाहिलं ते लिहिते. छाती आत गेली आहे. मांड्यांचं मांस उतरून गुडघे मोठे दिसतात. पोटावर आणि पाठीवर खाजवल्याचे ओरखडे आहेत, किडनीच्या आजारात खाज सुटते. डायलिसिससाठी डाव्या हाताची नस धमनीला जोडली आहे, ती दोरखंडासारखी वर आली आहे. तिच्यावर बोट ठेवलं तर आत सतत थरथर लागते. बाबा म्हणतात, ट्रान्सफॉर्मर हाये. खांद्यावर भाजल्याची जागा आहे, तळहातापेक्षा मोठी, गुळगुळीत. केस उगवले नाहीत तिथे.

पहिलं चित्र मी जसं दिसलं तसं काढलं होतं. दवाखान्यातल्या तक्त्यासारखं झालं. ते खरवडून काढलं. आता जे आहे त्यात अंगाचा रंग अंगाचा नाही. बरगड्यांवर हिरवा आहे, पोटावर जांभळा, आणि कडेने जाड काळी रेघ. हात फार मोठे झालेत. खाली स्टूल नाही, जमीन नाही, नुसता पिवळा आहे. आत्या म्हणाली, माझ्या भावाचं भूत केलंस. बाबा मात्र शांत बसतात. रोज दुपारी स्वतःच विचारतात, बसायचं का.

रोज, असं मी लिहिलं. आधी आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात जायचे, त्या दिवशी बसण्याइतकी ताकद उरत नसे. आता रोज वेळ असतो.

गेल्या गुरुवारपासून त्यांनी डायलिसिस बंद केलं आहे. त्यांनीच. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडी घरी घ्यायला लावली. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस. ड्यूटी मी यासाठी रद्द केली.

दुसरं असं की कॉलेजने सांगितलं, पत्नी हयात असेल तर तिची संमती लागते. तू नाही म्हणालीस तर ते घेणार नाहीत. मग आत्या म्हणते तसं इथेच अग्नी द्यावा लागेल. तू दहा वर्षांपूर्वी का गेलीस हे मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. तुम्ही कागदावर नवराबायकोच आहात.

त्यांनी तुला बोलावलेलं नाही. हे मी खरं लिहिते. बोलावते आहे ती मी.

गुडघ्याला सकाळी शेक घे.

दर्शना


अमरावती,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आई,

जयभीम. तुझा रविवारचा फोन आला तेव्हा मी घाईत नव्हते. रिक्षात आहे म्हणाले, ते खोटं होतं. तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्र.

आधी त्या दिवसाचं थोडं, कारण आपण त्यावर बोललोच नाही. तू अमरावतीला आली नाहीस. मी वाट पाहिली आणि मग पाहायचं सोडलं. बाबा सकाळी गेले. शेजारच्या माणिकबाई होत्या, रागिणी होती. आत्या आली, रडली, आणि गाडी निघताना बाजूला झाली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी हाच विचार करत होते की तिथे तुझी संमती मागितली तर काय सांगायचं, आणि नाही मिळाली तर गाडी कुठे वळवायची.

गाडी कॉलेजच्या दारात थांबली तर तू आधीच पायऱ्यांवर बसलेली. मावशी शेजारी. पांढरी साडी, वर ते करडं स्वेटर. तुला कोणी कळवलं हे मी अजून विचारलेलं नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तुला समजावून सांगायला सुरुवात केली, तर तू त्यांना मधेच थांबवलंस. "त्याइची इच्छा होती ना? मंग घ्या." एवढंच म्हणालीस. मग म्हणालीस, मला आत एकटीला जाऊ द्या.

तू आत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर होते. पांढरे एप्रन घातलेल्या तीनचार मुली हसत जिन्याने खाली आल्या. आमच्याकडे पाहून गप्प झाल्या आणि भिंतीच्या कडेने गेल्या. बाबांनी रिक्षात विचारलं होतं त्या याच, असं माझ्या मनात आलं. वाईट वाटलं नाही. साध्या मुली होत्या. एकीच्या खिशातून चॉकलेटचा कागद डोकावत होता.

तू बाहेर आलीस, पदर सारखा केलास आणि विचारलंस, जेवली का. मग आपण कँटीनमध्ये पोहे खाल्ले. तू चादर बाजूला केलीस की नाही, काय पाहिलंस, मी विचारलं नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही.

फोनवर तू विचारलंस की चित्रात त्यांचे डोळे मिटलेले आहेत का. मिटलेले नाहीत.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबा शांत बसतात. ते खरं नव्हतं. ते घाबरलेले होते. ज्या दिवशी त्यांनी टॉवेल काढला त्याच दिवशी, थोड्या वेळाने, ते थरथरायला लागले. आधी गुडघे, मग हनुवटी. मला वाटलं थंडी वाजते, म्हणून मी हीटर लावला.

"बंद कर ते. थंडी नाही वाजत. भेव लागते."

कशाचं, मी विचारलं.

"ते मालूम राह्यलं असतं तं भेव काहून लागलं असतं?"

वादळात खांबावर चढणारा माणूस. चिखलदऱ्याला असताना लाइट गेली की पावसात एकटे निघून जायचे, आपण दोघी दारात उभ्या राहायचो. घाबरलेले बाबा मी तोपर्यंत पाहिलेच नव्हते. मी ब्रश खाली ठेवला नाही. जवळही गेले नाही. गेले असते तर त्यांनी टॉवेल ओढून घेतला असता आणि बसणं तिथेच संपलं असतं. त्यांना बसायचं होतं. मग मी ते थरथरणंच काढत राहिले. ती काळी रेघ म्हणूनच कुठे जाड आहे, कुठे तुटली आहे. हात मोठे झाले कारण ते हातांनी स्टूल घट्ट धरून होते आणि मला हातांशिवाय काही दिसत नव्हतं. कशासाठी काय रंग, ते मी ठरवलं नव्हतं.

डायलिसिस बंद झाल्यावर ते शेवटचे बसले तेव्हा स्टूलवर तोल राहत नव्हता. सतरंजी टाकली, भिंतीला उशी लावली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चित्र दाखव म्हटलं. मी कॅनव्हास उचलून समोर धरला. बराच वेळ पाहिलं त्यांनी.

"असा दिसत नाही मी," म्हणाले. आणि थोडं थांबून, "पन आतून असंच वाटते."

मग ते तुझ्याबद्दल बोलले. जसं बोलले तसं लिहिते, माझा एकही शब्द त्यात नाही.

"तुह्या मायनं मले कधी उजेडात पायलं नाही. मी पाहूच देलं नाही. तिले वाटे, मले तिचा राग हाये. राग नव्हता. मले दाखवता नाही आलं."

मी म्हणाले, आईला फोन लावते, तुम्हीच सांगा. त्यांनी मान हलवली.

"मी हाये तोवर सांगू नको. तुही माय येईन अन् मंग मले कपडे घालून बसा लागन."

ते हसले. त्यांच्यानंतर कधी सांगायचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कँटीनमध्ये पोहे खाताना मी सांगू शकले असते. तू प्लेटमधल्या मिरच्या बाजूला काढत होतीस, आणि मला वाटलं, आत जे काही तू पाहिलंस ते तुझं तुझ्याजवळ थोडे दिवस राहू द्यावं. त्यावर लगेच त्यांचे शब्द ठेवू नयेत.

आता डोळ्यांचं. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे बघत होते, तसे मी काढले होते. शेवटच्या दिवशी, हे सगळं बोलून झाल्यावर, त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि ब्रश चालू होता तोवर नजर काढली नाही. मी भिंतीकडचे डोळे पुसले आणि हे काढले. त्यांतली भीती गेलेली नाही. लोक सांत्वन करायला येतात, चित्र पाहतात आणि म्हणतात, चेहऱ्यावर समाधान आहे. नाही आहे. तुला मावशी किंवा आणखी कोणी तसं सांगण्याआधी मी सांगते. घाबरलेला, उघडा, म्हातारा माणूस आहे आणि तो बघणाऱ्याकडे बघतो आहे. त्याच्या समोर उभं राहिलं की आपण पाहतो आहोत हे त्याला कळतं, असं वाटतं. मला अजून सवय झालेली नाही.

शनिवारी मी शाळेत असते, संध्याकाळपर्यंत घरी कोणी नसतं. किल्ली माणिकबाईंकडे असेल. तू येणार असशील तर मला कळवूही नकोस. चित्र मागच्या खोलीतच आहे, खिडकीचा पडदा काढून टाकला आहे. बाराच्या पुढे चित्राच्या भिंतीवर ऊन येतं. जितका वेळ हवा तितका थांब.

ऊन गेल्यावर लाइट लाव.

तुम्हा दोघांची,
दर्शना